मग छपाईचा धंदा: प्रिंटर कामाच्या मापाने घ्या, कर्जाच्या मापाने नको

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय काढला. राज्यभरातून विरोध झाला आणि पुढच्याच महिन्यात सरकारने तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, पण त्यातून मिळालेला इशारा आपल्या तरुणांच्या लक्षात राहिला. कायम नोकरीची जागा आता मोजकी आहे आणि जिथे कंत्राट येते तिथे आरक्षणाचा प्रश्न अधांतरी राहतो. स्पर्धा परीक्षांना चार-पाच वर्षे देऊन वस्तीत परतलेली मुले-मुली त्यामुळे स्वयंरोजगाराच्या योजनांकडे वळली आहेत. जिल्हा उद्योग केंद्र, मुद्रा कर्ज, महात्मा फुले महामंडळ ही नावे आता वस्तीतल्या रोजच्या बोलण्यात येतात.

या अर्जांमध्ये एक धंदा वारंवार दिसतो: मग, बॅज, फोटो फ्रेम यांवरची छपाई. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. दहा बाय दहाची खोली पुरते, शिकायला आठवडा-पंधरा दिवस लागतात आणि गिऱ्हाईक कोण हे आधीच माहीत असते. १४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, संविधान दिन, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्ने, निवृत्तीचे सत्कार. संविधानाची उद्देशिका छापलेला मग शिक्षकांच्या आणि वकिलांच्या टेबलावर सहज दिसतो.

अडचण एका ठिकाणी येते. "कोणता सब्लिमेशन प्रिंटर घेऊ?" हा प्रश्न आमच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे येतो तेव्हा बहुतेकदा कोटेशन तयार झालेले असते. कर्ज किती मिळेल ते आधी ठरते आणि त्यात बसेल तेवढे यंत्र नंतर शोधले जाते. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की हा क्रम उलटा करायला हवा. आधी वर्षभरात किती मग विकले जातील ते मोजा, मग त्या मापाचा प्रिंटर घ्या आणि कर्ज सगळ्यात शेवटी ठरवा.

योजनेचा आकडा यंत्र मोठे करतो

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आणि बौद्ध हा केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाजही आहे. त्यामुळे या योजनेत वरचा दर आपल्याला लागू होतो. अनुसूचित जातीच्या नावाने अर्ज करणार असाल तर जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हे आधी पाहून घ्या.

मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशी वर्गवारी आहे. त्याला तारण लागत नाही.

या योजना आपल्या हक्काच्या आहेत आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण अनुदान टक्केवारीत असल्यामुळे प्रकल्प जितका मोठा तितके अनुदान मोठे, असा मोह तयार होतो. यंत्र विकणाऱ्यालाही मोठे कोटेशन सोयीचे असते. मग साध्या मग छपाईच्या प्रस्तावात टी-शर्टचा मोठा हीट प्रेस, ए-थ्री आकाराचा प्रिंटर, टोपीचा प्रेस, कटर, संगणक असे सगळे एका यादीत येते. बँक पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यावर भरते. यंत्रे घरी येतात आणि कोरे मग घ्यायला हातात रोकड उरत नाही.

अनुदानाबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्या. ते लगेच हातात पडत नाही. बँकेत ३ वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात वळते होते. दीड वर्षात दुकान बंद पडले तर अनुदान जाते आणि कर्ज मात्र राहते. आपल्या घरांमध्ये असे थकलेले एक कर्ज धाकट्या बहिणीच्या शैक्षणिक कर्जाच्या आडही येऊ शकते, कारण हमीदार म्हणून सही करणारे आई-वडील तेच असतात.

सब्लिमेशन म्हणजे काय होते

प्रिंटर निवडण्याआधी काम कसे चालते ते पाहू. सब्लिमेशनची शाई साध्या शाईपेक्षा वेगळी असते. प्रिंटर ती आधी कागदावर उलट्या प्रतिमेत छापतो. हा कागद मगाभोवती उष्णता सहन करणाऱ्या टेपने घट्ट गुंडाळतात आणि मग प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तीन-चार मिनिटे तापवतात. त्या उष्णतेत रंग घनरूपातून थेट वायू होतो आणि मगावरच्या पॉलिमरच्या थरात शिरून बसतो. म्हणून हा छाप नखाने खरवडून निघत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, मगावर हा थर असलाच पाहिजे. भांड्यांच्या दुकानातला साधा कप चालत नाही. दोन, या शाईत पांढरा रंग नसतो, म्हणून मग पांढरा किंवा फिक्या रंगाचा हवा. तीन, सुती कापडावर हा छाप टिकत नाही. "याच यंत्रावर सगळे टी-शर्ट होतील" असे कोणी सांगत असेल तर त्याला सुती शर्टावर छापून, दोनदा धुऊन दाखवायला सांगा. पॉलिस्टरवर ते होते, सुतीवर नाही.

प्रिंटरचे हेडही महत्त्वाचे आहे. एचपी आणि कॅननचे नेहमीचे घरगुती इंकजेट प्रिंटर शाई तापवून बाहेर फेकतात. उष्णतेने बदलणाऱ्या शाईला ही पद्धत मानवत नाही. एप्सनच्या हेडमध्ये शाई दाबाने फेकली जाते, तिथे उष्णता लागत नाही. बाजारात सब्लिमेशनसाठी बहुतेक एप्सनचेच प्रिंटर दिसतात, त्याचे कारण हे आहे. लेझर प्रिंटर या कामाचा नाही.

समोर असलेले तीन पर्याय

पहिला पर्याय चार रंगांचा साधा टाकीवाला ए-फोर प्रिंटर, उदाहरणार्थ एल ३२१० च्या वर्गातला. तो मुळात कार्यालयीन कामासाठी आहे. नवा घेऊन पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशन शाई भरतात. किंमत पंधरा हजारांच्या आसपास. एकदा ही शाई भरली की कंपनीची हमी संपली असे धरून चाला. साधी शाई वापरलेला जुना प्रिंटर या कामाला घ्यायचा असेल तर आतली सगळी शाई धुऊन काढावी लागते. ते नीट झाले नाही तर रंग बिघडत राहतात. म्हणून घरातला जुना प्रिंटर वापरण्यापेक्षा नवा घेतलेला बरा.

दुसरा पर्याय सहा रंगांचा फोटो प्रिंटर, एल ८०५० सारखा. त्यात फिका निळा आणि फिका गुलाबी असे दोन रंग जास्त असतात. चेहऱ्याची त्वचा, कपाळावरची सावली, आकाशाचा उतरता रंग यांत तो जास्त सफाई देतो. पण दोन रंग जास्त म्हणजे सुकण्याची शक्यता असलेली दोन शाईंची वाट जास्त. मगावर छाप साधारण २० सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटरचा असतो. एवढ्या जागेत चार रंगांचा प्रिंटर, योग्य रंग-प्रोफाइल असेल तर, पुरेसा चांगला निकाल देतो. वाढदिवस आणि लग्नाचे फोटो मग हेच तुमचे मुख्य काम असेल तर सहा रंगांचा विचार करा. उद्देशिका, घोषवाक्ये, मंडळाचे चिन्ह आणि नावे हे मुख्य काम असेल तर चार रंग पुरतात.

तिसरा पर्याय मुळातच सब्लिमेशनसाठी बनवलेला प्रिंटर, जसा एप्सनचा एससी-एफ १३०. शाई कंपनीची, हमी कंपनीची, रंग जुळवण्याचा त्रास कमी. किंमत साध्या टाकी प्रिंटरपेक्षा बरीच जास्त आणि शाईही बाहेरच्या शाईपेक्षा महाग. ज्याच्याकडे शाळा, संस्था किंवा कंपनीची नियमित मागणी आहे आणि एक दिवस काम बंद पडणे परवडत नाही, त्याला हा खर्च पेलतो. पहिल्याच वर्षी त्याची गरज क्वचित असते.

ए-थ्रीचा प्रश्नही इथेच मिटतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. त्यावर एकाखाली एक असे तीन मगांचे छाप बसतात. मगासाठी ए-थ्रीची गरज नाही. पॉलिस्टरच्या टी-शर्टची मागणी प्रत्यक्ष हातात असेल तरच ए-थ्री घ्यावा.

काम अडते ते प्रेसवर

आता एका ऑर्डरचे गणित मांडू. समजा जयंती मंडळाने ३०० मग सांगितले. एका ए-फोर कागदावर तीन, म्हणजे १०० कागद. चांगल्या दर्जाला एका कागदाला चार मिनिटे धरली तरी छपाई पावणेसात तासांत होते. प्रेसवर मात्र एका मगाला गुंडाळण्यापासून काढेपर्यंत साधारण पाच मिनिटे जातात. तासाला बारा मग. ३०० मगांना २५ तास.

म्हणजे सगळ्यात साधा प्रिंटरसुद्धा एका प्रेसच्या जवळपास चौपट वेगाने काम उरकतो. आणखी महाग, आणखी वेगवान प्रिंटर आणल्याने दिवसाला एकही मग जास्त निघणार नाही. तोच पैसा दुसऱ्या मग प्रेसवर घातला तर २५ तासांचे काम साडेबारा तासांवर येते. मग प्रेस हा या धंद्यातला तुलनेने स्वस्त भाग आहे आणि तो घरच्या वीजजोडणीवर चालतो. मोठा सपाट हीट प्रेस त्याच्या कितीतरी पट वीज खातो.

हप्त्याचे गणित

पुढचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून ते पुन्हा मांडा.

कोरा मग, खोका, शाई-कागद, टेप, वीज आणि खराब जाणारे मग वजा करून एका मगामागे सरासरी ६० रुपये उरतात असे समजू. सुटा मग जास्त देतो, मंडळाची घाऊक ऑर्डर कमी.

साधा प्रिंटर, एक मग प्रेस, थोडा माल मिळून ५० हजारांचे कर्ज १२ टक्के व्याजाने ३ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. तो फेडायला महिन्याला २८ मग विकावे लागतात. ३ लाखांचे कर्ज त्याच व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,६७० रुपये. त्यासाठी महिन्याला १११ मग हवेत. यात तुमची मजुरी नाही, खोलीभाडे नाही. फक्त हप्ता.

आता वर्षाकडे पाहा. मार्च ते मे जोरात जातात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, पण तो अभिवादनाचा दिवस आहे. लोक पुस्तके घेऊन जातात, त्या गर्दीवर मगाचा हिशोब मांडू नये. जून ते सप्टेंबर हे चार महिने बाजार थंड असतो. हप्त्याला पावसाळा नसतो. एप्रिलमध्ये चारशे मग गेले म्हणून वर्षभर तसेच जातील असे धरून घेतलेले यंत्र ऑगस्टमध्ये जड जाते.

शिवाय प्रिंटर बंद ठेवणेही फुकट नाही. शाई नोझलमध्ये सुकते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तर लवकर सुकते. काम नसले तरी दोन-तीन दिवसांनी चाचणीचे पान काढावे लागते, शाईच्या बाटल्या हलवून घ्याव्या लागतात. हेड कायमचे बसले तर त्याच्या बदलीचा खर्च स्वस्त प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. टाकाऊ शाई शोषणारा पॅड भरला की प्रिंटर थांबतो, तोही बदलावा लागतो. जास्त रंगांचा, मोठा प्रिंटर रिकामा ठेवला तर ही देखभालही मोठी होते.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये काय सांगितले होते

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. त्या काळी चर्चा अशी होती की शेती तोट्यात आहे कारण जमिनीचे तुकडे लहान आहेत, ते जोडून मोठे केले की शेती फायद्याची होईल. बाबासाहेबांनी या मांडणीतली चूक दाखवली. जमीन लहान की मोठी यावरून ती परवडते की नाही हे ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे एकमेकांशी प्रमाण योग्य आहे का, यावर ते ठरते. अवजारे आणि बैल पुरेसे नसतील तर मोठी जमीनसुद्धा तोट्याची. सगळे योग्य प्रमाणात असेल तर लहान जमीनही फायद्याची.

हीच कसोटी आपल्या मग छपाईच्या खोलीला लावून पाहा. प्रिंटर हे भांडवल, प्रेस हे अवजार, तुमचे तास हे श्रम आणि विकला जाणारा मग हे पीक. तीन लाखांचे यंत्र आणि महिन्याला चाळीस मग हे प्रमाण बिघडलेले आहे. पंधरा हजारांचा प्रिंटर, दोन प्रेस आणि कोरे मग घ्यायला वीस हजार रोख हे प्रमाण जुळलेले आहे.

आपल्या तरुणांना हे प्रमाण सांभाळणे इतरांपेक्षा कठीण जाते, त्याला सामाजिक कारण आहे. व्यापारी घरातला मुलगा दुकान टाकतो तेव्हा त्याला घाऊक विक्रेता दोन महिन्यांची उधारी देतो, कारण तो त्याच्या काकाला ओळखतो. आपल्या पहिल्या पिढीतल्या उद्योजकाला ही ओळख नसते. त्याला प्रत्येक मग रोखीने घ्यावा लागतो. जयंतीच्या ३०० मगांसाठी कोरा मग ८० रुपयांना धरला तर मार्चमध्येच २४ हजार रुपये रोख लागतात आणि मंडळ पैसे देते कार्यक्रम झाल्यावर. म्हणून ज्याला उधारी मिळत नाही त्याने यंत्रात कमी आणि हातात जास्त पैसा ठेवायला हवा. योजना नेमके उलटे करायला लावते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून. एप्रिलची सगळी कमाई पावसाळ्याआधीच नव्या यंत्राच्या बयाण्यात घालणाऱ्याने या चौथ्या भागाचा विचार करावा.

प्रिंटर न घेताही सुरुवात होते

छपाई आणि प्रेस ही दोन वेगळी कामे आहेत. कागदावर घेतलेला छाप दुसऱ्या गावी नेऊन तिथे मगावर उतरवता येतो. मोठ्या गावांत सब्लिमेशनचे ए-फोर छाप कागदामागे दराने काढून देणारे असतात. म्हणजे पहिले तीन-चार महिने फक्त मग प्रेस घेऊन धंदा करून पाहता येतो.

याचेही गणित सोपे आहे. बाहेर एका कागदाला ४० रुपये पडतात आणि स्वतःच्या प्रिंटरवर १० रुपये, असे धरू. कागदामागे ३० रुपये वाचतात, म्हणजे मगामागे १०. पंधरा हजारांचा प्रिंटर फिटायला १,५०० मग लागतील. महिन्याला १०० मग जात असतील तर पंधरा महिने, ३० जात असतील तर चार वर्षांहून जास्त. जवळचा छापणारा दुसऱ्या तालुक्यात असेल किंवा गिऱ्हाईकाला त्याच दिवशी वाढदिवसाचा मग हवा असेल तर स्वतःचा प्रिंटर लवकर घ्यावा लागेल. पण निदान काही महिन्यांची वही समोर ठेवून घ्या.

यातूनच एक सामाईक वाट दिसते. एक साधा प्रिंटर चार प्रेसना काम पुरवू शकतो. एकाच तालुक्यातल्या चार मुलांनी चार प्रिंटर घेऊन चौघांनी नोझल सुकवण्यापेक्षा एकाने प्रिंटर घ्यावा, बाकीच्या तिघांनी प्रेस घ्यावेत आणि कागदाचा दर आपसात ठरवावा. महिला बचत गटालाही हे जमण्यासारखे आहे, कारण प्रेसचे काम घरी करता येते आणि रंग-संगणकाचे काम एकीने शिकले तरी चालते. फक्त खराब निघालेल्या कागदाचे नुकसान कोणाचे आणि शाईचे पैसे कधी द्यायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

दुकानात गेल्यावर काय तपासायचे

विक्रेता नमुना म्हणून फुलांचे किंवा नटीचे चित्र दाखवतो. ते आधीच जमवलेले असते. तुम्ही पेनड्राइव्हमध्ये आपला पंचरंगी धम्मध्वज घेऊन जा आणि तो तुमच्यासमोर छापून, मगावर उतरवून मागा. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी हे रंग या छपाईची चांगली परीक्षा घेतात. सब्लिमेशनमध्ये रंग-प्रोफाइल चुकीचे असेल तर निळा जांभळा होतो. नारिंगी लालसर होतो. ज्या समाजाची ओळख निळ्या झेंड्याशी जोडलेली आहे, त्याच्यासाठी जांभळा निळा म्हणजे परत आलेली ऑर्डर. कागदावर रंग मळकट दिसले तर घाबरू नका, ते प्रेसनंतर उजळतात. निर्णय तयार मग पाहूनच घ्या. सोबत बाबासाहेबांचा एक कृष्णधवल फोटोही छापून पाहा. राखाडी छटेत हिरवट किंवा तांबूस झाक आली तर शाई आणि प्रोफाइल जुळलेले नाहीत.

मग हे प्रश्न विचारा. बिलावर प्रिंटरचे मूळ मॉडेल लिहिणार का? "सब्लिमेशन प्रिंटर" एवढेच लिहिलेले बिल घेऊ नका, कारण आतून तो शाई बदललेला साधा प्रिंटर असू शकतो. हमी कोणाची, कंपनीची की दुकानदाराची, आणि किती महिन्यांची? हेड बसले तर दुरुस्ती तालुक्यात होते की मुंबई-पुण्याला पाठवावे लागते? ही शाई सहा महिन्यांनी मिळेल का? शाईचा ब्रँड बदलला की प्रोफाइल नव्याने लागते, ते कोण देणार? कोटेशनमधल्या प्रत्येक वस्तूचा दर वेगळा लिहून मागा. एकत्रित "कॉम्बो" दरात न लागणारी वस्तू सहज लपते.

कागदपत्रांबद्दल दोन गोष्टी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेवरून दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर मात्र लागते.

आणि चित्रांबद्दल एक. बाबासाहेबांचे जुने फोटो सर्वांचे झाले आहेत, पण आजच्या एखाद्या चित्रकाराने काढलेले चित्र त्याच्या मालकीचे असते. इंटरनेटवरून ते उचलून शंभर मगांवर छापणे कायद्यात बसत नाही आणि दुसऱ्या शीलातही बसत नाही. त्याला फोन करा, परवानगी घ्या, मगामागे काही रुपये द्या. तो बहुतेकदा आपल्याच चळवळीतला असतो.

मंडळांनी काय करायचे

एवढे सगळे तरुणाने सांभाळले तरी वर्षभराचे काम त्याला एकट्याने निर्माण करता येणार नाही. तिथे समाजाचा वाटा येतो. जयंतीला आपण फलक, डीजे, बॅनर, स्मृतिचिन्हे यांवर मोठा खर्च करतो आणि त्यातला बराच पैसा वस्तीबाहेर जातो. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर बाबासाहेबांचे चित्र असलेले मग शेकड्याने दिसतात. विकत घेणारे बहुतांशी आपण, कमावणारे दुसरे.

मंडळे, विहार समित्या, कर्मचारी संघटना आणि शिक्षक संघटना यांना तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, स्मृतिचिन्हांची ऑर्डर एप्रिलच्या आठवडाभर आधी न देता फेब्रुवारीत द्यावी. दुसरी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, म्हणजे त्या मुलाला मग घ्यायला सावकार किंवा क्रेडिट कार्ड शोधावे लागणार नाही. तिसरी, वर्षभरातले सत्कार, वर्षावासातले कार्यक्रम, विद्यार्थ्यांचे गुणगौरव, २६ नोव्हेंबर, ३ जानेवारी यांची यादी एकदाच करून कामाची वाटणी करावी. जून ते सप्टेंबरमधल्या गुणगौरवाच्या ऑर्डरी या धंद्याला एप्रिलच्या ऑर्डरींपेक्षा जास्त गरजेच्या आहेत, कारण तेव्हाच हप्ता थकतो.

दर्जाबाबत मात्र सवलत मागू नये आणि देऊही नये. "आपलाच पोरगा आहे" म्हणून जांभळा झेंडा स्वीकारला तर पुढच्या वर्षी ऑर्डर पुन्हा बाहेर जाईल. आणि "आपलेच मंडळ आहे" म्हणून तीन महिने पैसे थकवले तर पुढच्या वर्षी तो मुलगा धंद्यात नसेल.

जिल्हा उद्योग केंद्राचा अर्ज भरण्याआधी एक वही करा. गेल्या वर्षी तुमच्या तालुक्यात कोणत्या मंडळाने, शाळेने, कार्यालयाने किती स्मृतिचिन्हे घेतली, कितीला घेतली आणि कोणाकडून घेतली, हे पंधरा दिवस फिरून लिहून काढा. त्यातल्या किती ऑर्डरी तुम्हाला मिळू शकतात तो आकडा काढा आणि त्याला बाराने भागा. तो आकडा तीसच्या खाली असेल तर प्रेस घ्या आणि छाप बाहेरून आणा. शंभरच्या आसपास असेल तर साधा चार रंगांचा ए-फोर प्रिंटर आणि दुसरा प्रेस घ्या. त्याहून बराच वर असेल, तर मोठ्या प्रिंटरचे कोटेशन घेऊन बँकेत जा.